मनोरीचा आवाज, मुलुंडचा फोटो

अन्याय झाला तो प्रमिला कोळी हिच्यावर. राहणार मनोरी, शिक्षण इंग्रजी घेऊन बी.ए. कधी झाला तेही सांगते: गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. जागा अंधेरी पूर्व, परदेशी नोकऱ्या लावून देणारी एक कचेरी. कचेरीचं नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी खोडलं. म्हणाले, हा दिवाळी अंक आहे, पत्रक नव्हे. ठीक आहे. कचेरीच्या मालकाला तिथे सगळे नुसतं 'सर' म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणते. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तर त्या दुपारी सरांनी डबा खाता खाता प्रमिलाला सांगितलं, "तुझी कॅसेट नापास. मागे कावळे ओरडतायत, पोरं ओरडतायत, कुणीतरी बाई ओरडतेय. हा काय मासळीबाजार आहे?"

"हो सर, मासळीबाजारच आहे," प्रमिला म्हणाली. "धडाच तो आहे."

"पुढच्या वेळी बघू," सर म्हणाले आणि लोणच्याची बाटली उघडायला लागले.

नोकरी होती मालदीवमधल्या एका छोट्या बेटावरच्या शाळेत, इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून. प्रमिलाला ती हवी होती, आणि का हवी होती ते साधं आहे. मालाडच्या एका शाळेत ती दुसऱ्यांच्या रजेवर शिकवायची. कुणी बाळंतपणाला गेलं की हिला बोलावणं, ती बाई परत आली की हिला नमस्कार. मुलांची नावं पाठ होईपर्यंत वर्ग हातातून जायचा. तिला स्वतःचा एक वर्ग हवा होता, बस्स. इथे मिळत नव्हता, समुद्रापलीकडे मिळत होता, आणि समुद्राचं तिला काय कौतुक?

आता मी कोण, तेही सांगते. मी शुभांगी, राहणार गोरेगाव. वडील गिरणीत होते. संप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. स्टेन्सिल कापणं, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवणं आणि वाचणाऱ्याच्या छातीवर बोट ठेवल्यासारखं वाक्य लिहिणं मी तेव्हा शिकले. संप विरला, ती सवय राहिली. पुढे आमच्या मंडळाच्या वाचनालयात परदेशी नोकऱ्यांच्या फसवणुकीविरुद्ध एक टेबल सुरू झालं, तिथे मी मानधनावर बसते. बाबा विचारणाऱ्याला सांगतात, "चेडू माजा लोकांका परदेशात धाडता, आपण मात्र गोरेगावच्या भायर जाणा नाय." त्यांचं खरं आहे. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळत नाही, म्हणून थोडक्यात समजावते. सहायक शिक्षक म्हणजे मुख्य शिक्षक फळ्यापाशी आणि आपण मुलांमध्ये. व्याकरण तो शिकवणार, मुलांना तोंड उघडायला लावणार आपण. नेपाळच्या डोंगरात, मालदीवच्या बेटांवर, थायलंडमध्ये, आखातात अशा जागा निघतात. अनुभव फारसा लागत नाही, पदवी लागते आणि स्वच्छ बोलणं लागतं. पण शाळा तिकडे, माणूस इकडे. ट्रंककॉल लावला तर अर्धा वेळ 'हॅलो हॅलो' करण्यात जातो. म्हणून शाळा कॅसेट मागवतात. टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, दहा-पंधरा मिनिटं शिकवायचं आणि ती कॅसेट फोटोबरोबर पाठवायची. तिकडचे हेडमास्तर आवाज ऐकतात, फोटो बघतात आणि ठरवतात. मध्ये बसतात आमच्या सरांसारखे सर. परदेशी माणसं पाठवायला सरकारी परवाना लागतो. तो भिंतीवर काचेत लावलेला असतो, आणि लोक काच बघून बूट बाहेर काढतात.

आमच्या टेबलावर येणारे मात्र बूट काढत नाहीत. बोरिवलीचा एक मुलगा यायचा. सुटाबुटात, भर मे महिन्यात. इंग्रजीत काहीही विचारा, उत्तर एकच: "येस, डेफिनेटली." मी विचारलं, तुला मुलं आवडतात का? येस, डेफिनेटली. तुला मुलांचा तिटकारा आहे का? येस, डेफिनेटली. मी म्हटलं, "अरे, तुझी वाट लागेल तिकडे." त्यालाही त्याने होच म्हटलं. तीन महिने त्याला नुसतं 'नाही' म्हणायला शिकवलं. आता तो नेपाळात एका शाळेत आहे, आणि तिथून आलेल्या पाहुण्याने सांगितलं की अख्खी तिसरी इयत्ता तिथे येस, डेफिनेटली म्हणते. मी ते आमचं यश धरते.

घाटकोपरच्या एक बाई मुलासाठी आल्या होत्या. मुलगा बाहेर जिन्यात बसलेला. त्याच्या वतीने सगळी उत्तरं बाईच देत होत्या, खणखणीत, हातवारे करून. वाचनालयातल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा पेपर खाली ठेवले. मुलाला आत बोलावलं तर तो कपाटाशी बोलल्यासारखा बोलला. खरी शिक्षिका ती बाई होती, पण त्यांचं शिक्षण मॅट्रिकला थांबलेलं. पदवी नाही म्हणून मी त्यांचं काही करू शकले नाही. जाताना त्या म्हणाल्या, "मीच गेले असते गं, पण मला कोण नेणार?" ते वाक्य मला अजून टोचतं.

आणि एकदा बँकॉकच्या एका शाळेने कळवलं की आम्हाला जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस हवा, आधी फोटो पाठवा. म्हणजे गोरा हवा. मी उलट लिहिलं, फोटोतून उच्चार ऐकू येतात का? उत्तर आलं नाही. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही मी अशी पत्रं लिहिते. हात शिवशिवतात, काय करू.

प्रमिलाची कॅसेट आम्ही मनोरीत केली. मार्व्याहून बोटीने पलीकडे, सोबत आमच्या शेजारच्या टेलरचा टेपरेकॉर्डर, पिशवीत टॉवेलात गुंडाळून. बाकीचे उमेदवार दारं-खिडक्या बंद करून पाठ्यपुस्तक वाचतात. ऐकताना वाटतं, रेडिओवर कुणीतरी वारलंय. मी सांगितलं, "प्रमिला, तू रोज घरच्या ओट्यावर पोरांना जशी शिकवतेस ना, तशीच शिकव."

तिची पद्धत तिची स्वतःची. बोटी लागल्या की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, बायका माशांच्या टोपल्या, म्हणजे पाट्या, मांडून बसतात, बोली चढत जाते. पोरं जन्मल्यापासून हे बघतात. प्रमिलाने तोच लिलाव इंग्रजीत आणला. एक पोर विकणार, बाकीची घेणार. मासे पुठ्ठ्याचे, पाट्या खऱ्या. नियम एकच: पूर्ण वाक्य बोलेल त्याला पाटी. 'टू फिश' म्हटलंत तर पाटी शेजारच्याला. 'आय वॉन्ट टू बिग फिश' म्हटलंत तर तुम्हाला. पोरं पाटीसाठी असली भांडतात की क्रियापद आपोआप तोंडात येतं. मी तिथे बसून ऐकलं. झकास धडा. कावळे होतेच. मध्येच घरातून तिची आई, जनामावशी, ओरडली, तेही कॅसेटवर आलं. मी पुन्हा करू या म्हटलं तर प्रमिला म्हणाली, "राहू दे गं. आई ओरडली नाही तर तो आमचा ओटा वाटणारच नाही."

ही कॅसेट सरांकडे देण्यावाचून इलाज नव्हता, कारण ती शाळा त्यांच्याच कचेरीतून अर्ज घेत होती. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. नापास. प्रमिला पुन्हा रजेच्या जागेवर.

मग एका रविवारी टेबलाशी एक मुलगी आली. मुलुंडची, नाव नयना. केसांना तेल, हातात नवीन पिशवी, चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या दिवसाचं भय.

"ताई, माझी मालदीवला निवड झालीये," ती म्हणाली.

"मग एवढी घाबरलीस कशाला?"

"हेडमास्तर मुंबईत येतायत, शाळेसाठी पुस्तकं घ्यायला. अंधेरीला हॉटेलात उतरणार आहेत. तिकीट काढायच्या आधी त्यांना माझा माशांचा धडा बघायचाय."

"कसला धडा?"

"माशांचा. सर म्हणाले, त्यांना कॅसेट भयंकर आवडली. मला काही कळत नाही, ताई. मी कॅसेट दिलीच नाहीये. बाबांनी सरांना भेटून सगळं ठरवलं. सर म्हणतात, घाबरू नकोस, माशांवर थोडं वाचून ये." मग हळूच म्हणाली, "आमच्याकडे अंडंसुद्धा आणत नाहीत. मला बोंबील कुठला आणि बांगडा कुठला तेही कळत नाही."

मला आधी हसू आलं आणि मग डोक्यात तिडीक गेली. आवाज मनोरीचा, फोटो मुलुंडचा, आणि वर शाकाहारी मुलीला सांगतात की मासे वाचून ये. सरांना वाटलं, शिकवणं म्हणजे काय, कोट आहे, काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवला की झालं.

मी नयनाला सगळं सांगितलं. तिने पिशवी उचलली. मी मनात म्हटलं, आता ही उठून जाईल. तिच्या घरच्यांनी तिच्यासाठी धावपळ केलेली, तिच्या हातात निवड आहे, आणि प्रमिला तिची कोण लागते? तर तिने विचारलं काय, "मनोरीची बोट कुठून सुटते? मला घेऊन चला."

गेलो. ओट्यावर दोघी समोरासमोर. प्रमिलाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे तू मी आहेस."

"नाही गं," नयना म्हणाली. "मला फक्त तुझ्या जागी बसवलंय."

"मग ऊठ की."

"उठायलाच आलेय ना. पण एकटी उठले तर सर म्हणतील मी घाबरले, आणि तिसरीच कुणीतरी बसवतील. तू चल माझ्याबरोबर."

जनामावशीने दारातून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "हाटेलान पोर एकटी नाय जायाची. मी येतंय."

अशा आम्ही चौघी अंधेरीच्या हॉटेलात पोचलो. जनामावशी कोळी पद्धतीचं लुगडं कडक नेसून, अंगावर सोनं, अंबाड्यात फुलं, आणि पाहुण्याला रिकाम्या हाताने भेटू नये म्हणून सुक्या बोंबलाचं पुडकं. खोली वातानुकूलित, खिडक्या बंद. पाच मिनिटांत त्या पुडक्याने खोलीचा ताबा घेतला. नयना शेजारी बसून तोंडाने श्वास घेत होती, पण उठली नाही. हे मी मुद्दाम नोंदवते.

हेडमास्तर बुटके, पांढरा हाफ शर्ट, हसरे. सर त्यांच्या उजव्या हाताला. आम्हाला बघून सरांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला.

"ही कोण मंडळी? नयना, तुला एकटीला बोलावलं होतं."

नयना उभी राहिली आणि सरळ हेडमास्तरांना इंग्रजीत म्हणाली, "सर, कॅसेटवरचा आवाज माझा नाही. हिचा, प्रमिलाचा आहे." आणि प्रमिलाकडे हात केला. वाक्य पूर्ण होतं.

सर हसले. हेडमास्तरांना म्हणाले, "मुलगी घाबरलीये. आणि या बाईंचं मनावर घेऊ नका, ही गोरेगावची पत्रकंवाली. हिचं कामच ते." मग मला मराठीत म्हणाले, "कशाला मुलीचं नुकसान करताय?"

मी म्हटलं, "कुठल्या मुलीचं, ते ठरवायलाच आलोय."

हेडमास्तरांनी कुणाशी वाद घातला नाही. बॅगेतून छोटा टेपरेकॉर्डर काढला. म्हणाले, आमच्या शाळेत ही कॅसेट सगळ्या शिक्षकांनी ऐकलीये. मध्येच एक बाई काहीतरी म्हणते, ती काय म्हणते यावर आमच्याकडे वाद चाललाय. तेवढं सांगा. आणि बटण दाबलं.

कावळे. पोरं. प्रमिलाचा आवाज, बोली चढवत नेणारा. आणि मागून, लांबून, पण स्वच्छ: "परमिला, आगो परमिला, भात लागला गो तुजा. पोराना सोर आता."

"काय म्हणते ती?" हेडमास्तरांनी सरांना विचारलं.

सरांनी ती कॅसेट कधी शेवटपर्यंत ऐकलीच नसावी. ते म्हणाले, "धड्याचं कौतुक करतेय."

जनामावशीला इंग्रजी कळत नाही. पण स्वतःचा आवाज यंत्रातून पहिल्यांदा ऐकून ती उठून उभी राहिली होती. "मीच ती," ती म्हणाली. "अख्खा भात करपला व्हता त्या दिवशी." आणि तिथेच, त्या गालिच्यावर उभी राहून, तिने तीच हाक पुन्हा मारली, त्याच सुरात, जशी ती ओट्यावर मारते. दारात एक वेटर धावत आला.

मी हेडमास्तरांना अर्थ सांगितला: तुझा भात करपला, पोरांना सोड आता. परमिला कोण ते सांगावं लागलं नाही. ते इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला. मग प्रमिलाला म्हणाले, "ठीक आहे, मला काहीतरी विका."

प्रमिलाने टेबलावरचे पेले, फळांची बशी, रक्षापात्र गोळा केलं. पदर खोचला आणि खाली गालिच्यावर बसली. सगळ्यांना गिऱ्हाईक केलं, वेटरलाही. पहिलं बोट सरांकडे. सर अवघडून म्हणाले, "फिश. टू." प्रमिलाने मान हलवली, किनाऱ्यावर बायका हलवतात तशी, आणि बशी सरांच्या समोरून उचलून नयनाला दाखवली.

नयना म्हणाली, "मला दोन मोठे बांगडे हवेत, प्लीज, पण मी ते खाणार नाही." पूर्ण इंग्रजीत. बशी तिला मिळाली. हेडमास्तर स्वतः बोली लावायला लागले, वेटर त्यांच्यावर चढवायला लागला. सरांना शेवटपर्यंत एकही पेला मिळाला नाही. खोलीत आम्ही एका मागणीसाठी आलो होतो, आणि मध्येच मी ती विसरून एका रक्षापात्रासाठी वेटरशी भांडत होते.

शेवटी हेडमास्तरांनी एकच प्रश्न विचारला: विमानानंतर बेटापर्यंत बोटीने जावं लागतं, शिक्षकांना फार मळमळतं, तुला चालेल का? प्रमिला म्हणाली, "मी कॉलेजला बोटीनेच जायचे."

जागा तिला मिळाली. सरांनी टेपरेकॉर्डरकडे हात नेला, म्हणाले, कॅसेट कचेरीची आहे. हेडमास्तरांनी ती काढून प्रमिलाच्या हातात दिली. बोंबलाचं पुडकं त्यांनी स्वतःच्या बॅगेत ठेवलं.

प्रमिला गेली त्याला आता बरेच महिने झाले. तिच्या वर्गाची एक कॅसेट आली होती. लिलाव तोच, मासा बदललाय, तिकडे कुप्याचं, म्हणजे ट्यूनाचं, राज्य आहे. पोरं भांडतात अगदी आपल्यासारखी. मागून कुणी हाक मारत नाही, तेवढंच सुनं वाटतं. जनामावशी ती कॅसेट ऐकते आणि यंत्राला विचारते, "जेवलीस का गो?" नयना रविवारी मनोरीच्या ओट्यावर शिकवते. बांगडा ओळखते. खात नाही. पुढची कॅसेट तिची, तिच्या स्वतःच्या आवाजात, आम्ही थेट शाळेला पाठवणार आहोत. हेडमास्तरांनी तसं पाठवायला सांगितलंय.

मग हा लेख कशाला? कारण सरांची कचेरी उघडी आहे. परवाना अजून काचेत आहे. पोलिसात गेलो तर म्हणाले, पोरीला नोकरी मिळाली ना, मग तक्रार कसली. मग मी सरांकडे जाब विचारायला गेले तेव्हा त्यांच्यामागचं लोखंडी कपाट चुकून उघडं राहिलं होतं. आत कॅसेटच कॅसेट, फडताळभर. कुठल्याही कॅसेटवर नाव नाही. लागेल तसं नाव मागाहून चिकटवायचं. मी एवढंच विचारलं, "सर, ही माणसं कुठायत?" त्यांनी कपाटाला कुलूप घातलं.

ती माणसं तुम्ही आहात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, मालाड, कुठलेही असा. ज्यांना त्या कचेरीत 'नापास' सांगितलं, ज्यांनी घरी येऊन आपला आवाजच वाईट आहे असं मानलं, ते सगळे. तुमच्या आवाजावर कोण कुठे शिकवतंय, तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. नयनाचे वडील आमच्याबरोबर उभे राहणार आहेत. आधी माझ्यावरच ओरडायला आले होते, आता साक्षीदार आहेत.

तेव्हा भाऊबीज झाली की पहिल्या सोमवारी, कचेरी उघडायच्या वेळेला, अंधेरी पूर्वेला या. जिना चढा, बूट काढू नका. त्या कपाटासमोर उभे राहा आणि माझी कॅसेट परत द्या, असं म्हणा. नाव सांगून म्हणा, गाव सांगून म्हणा, मोठ्याने म्हणा. आणि वाक्य पूर्ण बोला. अर्ध्या वाक्याला आमच्याकडे पाटी मिळत नाही.